मेडिकलवाला डॉक्टरांची चिठ्ठी का मागतो? नशेसाठी वापरल्या जाणाऱ्या औषधांच्या विक्रीवर नजर कशी ठेवली जाते, समजून घ्या

"काका, चिठ्ठी आणा. चिठ्ठीशिवाय ही गोळी मिळणार नाही." मेडिकल दुकानात असं ऐकायला मिळालं की अनेकांना राग येतो. वर्षानुवर्षं ओळखीचा दुकानदार, तीच नेहमीची झोपेची गोळी, रिकामं पाकीट दाखवलं तरी नाही म्हणतो! मग दुसऱ्या दुकानात जायचं किंवा बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाणाऱ्या कुणाला तरी आणायला सांगायचं.

पण ही चिठ्ठी म्हणजे दुकानदाराचा आडमुठेपणा नव्हे. काही औषधं अशी आहेत, की ती योग्य माणसाला योग्य प्रमाणात दिली तर आजार आटोक्यात ठेवतात आणि तीच चुकीच्या हातात गेली तर व्यसन लावतात, कधी जीवही घेतात. त्यामुळे कायद्याने त्यांची विक्री वेगळी ठेवली आहे. कंपनीतून निघालेली गोळी रुग्णाच्या हातात पडेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर कागद तयार झाला पाहिजे, हा त्यामागचा विचार. हा कागद कुठे तयार होतो, तो कोण तपासतो आणि साखळी नेमकी कुठे तुटते, ते पाहू.

प्रश्न केवळ शहराचा नाही

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने देशभर पाहणी केली होती. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १.०८ टक्के लोक, म्हणजे जवळपास १ कोटी १८ लाख लोक, झोपेची किंवा गुंगीची औषधं डॉक्टरांनी सांगितलेली नसताना घेत असल्याचं त्यात दिसलं. अफूसारखा परिणाम करणाऱ्या वेदनाशामक औषधांचा असा वापर करणाऱ्यांचं प्रमाण ०.९६ टक्के होतं. ही सगळी औषधं प्रयोगशाळेत लपूनछपून बनवलेली नव्हेत. त्यांतली बरीचशी कायदेशीर कारखान्यात तयार होतात, पाकिटात बंद होतात आणि मध्येच वाट चुकतात.

महाराष्ट्रातही याची बोलीभाषेतली नावं तयार झाली आहेत. मालेगावात 'कुत्ता गोळी' म्हणून जी ओळखली जाते ती अल्प्राझोलाम. छत्रपती संभाजीनगर परिसरात 'बटन' म्हणतात ती नायट्राझेपाम. दोन्ही मुळात चिंता, घबराट आणि निद्रानाशावरची औषधं. पश्चिम महाराष्ट्रात वेगळाच प्रकार पुढे आला आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो सावरण्यासाठी वापरलं जाणारं मेफेन्टरमाइनचं इंजेक्शन जिममधली तरुण पोरं 'ताकद वाढते, दम लागत नाही' म्हणून टोचून घेतात. पुणे, सांगली, कोल्हापूर या भागांत पोलिसांनी अशा इंजेक्शनचा बेकायदा साठा वेळोवेळी पकडला आहे. या इंजेक्शनने ताकद वाढत नाही. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब मात्र वाढतो, थकवा काही काळ जाणवत नाही आणि शरीराला सवय लागते. खेळाडूंसाठी तर ते उत्तेजक म्हणून जागतिक पातळीवर बंदी असलेलं औषध आहे.

कोणती औषधं या नजरेखाली येतात?

औषधांच्या विक्रीचे नियम औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि त्याखालील १९४५ च्या नियमांत आहेत. त्यात औषधांच्या वेगवेगळ्या याद्या आहेत. त्यांना 'शेड्यूल' म्हणतात. सामान्य माणसाने तीन याद्या लक्षात ठेवल्या तरी पुरे.

शेड्यूल एच : डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारी औषधं. ही यादी खूप मोठी आहे. बीपी, शुगरच्या अनेक गोळ्याही यात येतात.

शेड्यूल एच-१ : चिठ्ठी तर हवीच, शिवाय दुकानदाराने वेगळ्या नोंदवहीत विक्री लिहून ठेवायची. ही यादी ३० ऑगस्ट २०१३ ला जाहीर झाली आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाली. सुरुवातीला तीत ४६ औषधं होती. त्यात सवय लावणारी अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल, कोडीन, पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं आहेत. क्षयरोगाची आणि काही तीव्र प्रतिजैविक औषधंही याच यादीत आहेत. त्यांचं कारण वेगळं. ती अर्धवट किंवा उगाच घेतली तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

शेड्यूल एक्स : सर्वांत कडक यादी. केटामाइन, मिथाइलफेनिडेट अशी औषधं यात येतात. ती विकायला दुकानाला वेगळा परवाना लागतो. डॉक्टरांनी चिठ्ठी दोन प्रतींत द्यायची, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवायची आणि औषध कुलपात ठेवायचं.

याशिवाय यातली बरीच औषधं अंमली पदार्थविरोधी कायद्यातही येतात. हा एनडीपीएस कायदा १९८५ चा आहे. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी एप्रिल २०१८ मध्ये या कायद्याखाली आणली गेली. त्याआधी तिच्या बेकायदा विक्रीवर फक्त औषध कायद्याने कारवाई व्हायची. आता दोन्ही कायदे लागू होतात.

पाकिटावरून कसं ओळखायचं?

यासाठी फार शिकलेलं असण्याची गरज नाही. गोळ्यांचं पाकीट उजेडात धरा आणि दोन गोष्टी बघा.

पहिली, औषधाच्या नावाजवळची लाल खूण. इंग्रजी 'आर' अक्षराच्या पायाला काट मारलेली खूण म्हणजे 'आरएक्स', चिठ्ठीवरचं औषध. तिच्याआधी 'एन' असेल, म्हणजे 'एनआरएक्स', तर ते औषध अंमली पदार्थविरोधी कायद्यातही येतं. 'एक्सआरएक्स' असेल तर शेड्यूल एक्स.

दुसरी, लाल रेघेची चौकट. एच-१ औषधाच्या वेष्टनावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे औषध घेणं धोक्याचं आहे आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते किरकोळ विकू नये, असा त्याचा अर्थ.

घरातल्या डब्यात पडलेली जुनी पाकिटं एकदा अशी तपासून पाहिली तर अनेक घरांत एखादी तरी लाल चौकट सापडेल.

नोंदवहीत काय लिहायचं असतं?

एच-१ औषध देताना दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायच्या गोष्टी अशा :

- चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचं नाव व पत्ता
- रुग्णाचं नाव
- औषधाचं नाव
- किती दिलं ते

हे रजिस्टर तीन वर्षे सांभाळायचं आणि निरीक्षक येईल तेव्हा दाखवायचं. शेड्यूल एक्सच्या रजिस्टरमध्ये याहून जास्त तपशील लागतो. सुरुवातीला शिल्लक किती, नवीन माल किती आणि कुणाकडून आला, बॅच नंबर कोणता, कुणाला दिला, असा बँकेच्या पासबुकासारखा हिशोब ठेवावा लागतो.

चिठ्ठी कशी हवी, हेही नियमात आहे. ती लेखी हवी, तिच्यावर डॉक्टरांची सही आणि तारीख हवी, रुग्णाचं नाव-पत्ता हवा आणि औषध एकूण किती व कसं घ्यायचं ते लिहिलेलं हवं. डॉक्टरांनी 'पुन्हा द्यावे' असं लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच मिळतं. औषध दिल्यावर दुकानदाराने चिठ्ठीवर डॉक्टरांच्या सहीच्या वर आपल्या दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची असते.

हा शेवटचा नियम कागदावर आहे, पण अनेक दुकानांत पाळला जात नाही. खरं तर तोच सर्वांत उपयोगाचा. एका दुकानाची नोंदवही दुसऱ्या दुकानाला दिसत नाही. त्यामुळे शिक्का नसलेली एकच चिठ्ठी घेऊन एखादा माणूस एका दिवसात चार गावांतली चार दुकानं फिरू शकतो आणि चारही दुकानांच्या रजिस्टरमध्ये नोंद अगदी बरोबर दिसते. चिठ्ठीवर शिक्का पडला की दुसऱ्या दुकानात ती चालत नाही. एवढ्याशा शिक्क्याने ही वाट बंद होते.

निरीक्षक नेमकं काय तपासतो?

राज्यात औषध विक्रीवर देखरेख अन्न व औषध प्रशासन करतं. त्याला लोक 'एफडीए' म्हणतात. जिल्ह्यात सहायक आयुक्त (औषधे) आणि त्यांच्या हाताखाली औषध निरीक्षक असतात. त्यांच्या तपासणीचं मुख्य हत्यार म्हणजे साधी वजाबाकी.

समजा, तालुक्याच्या गावातल्या एका मेडिकलने तीन महिन्यांत ठोक विक्रेत्याकडून एका गुंगीच्या गोळीची ६०० पाकिटं घेतली. रजिस्टरमध्ये ४० पाकिटांची विक्री दिसते. कपाटात ६० पाकिटं शिल्लक आहेत. म्हणजे १०० पाकिटांचा हिशोब लागला. उरलेली ५०० पाकिटं गेली कुठे? या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराला द्यावं लागतं.

दुकानदार खरेदीची बिलं लपवू शकतो. पण ठोक विक्रेत्याकडे त्याच बिलाची प्रत असते. तिथून कळतं, कोणत्या बॅचचा किती माल कोणत्या दुकानाला गेला. त्यामुळे निरीक्षक अनेकदा उलट्या दिशेने येतो. पोलिसांनी एखाद्या पोराकडून पाकिटं पकडली, तर त्यावरचा बॅच नंबर पाहून कंपनीला विचारलं जातं. कंपनी सांगते, हा माल अमुक वितरकाला गेला. वितरक सांगतो, तमुक ठोक विक्रेत्याला दिला. असं करत करत माग दुकानापर्यंत येतो. कधी ठोक विक्रेत्याच्या कागदावर ज्या दुकानाचं नाव आहे ते दुकान जागेवरच नसतं, किंवा दुकानदार म्हणतो, 'हा माल मी मागवलाच नाही.' मग चौकशी ठोक विक्रेत्याच्या दारात जाऊन थांबते.

म्हणूनच पाकिटावरचा बॅच नंबर आणि बिल यांना एवढं महत्त्व आहे. कात्रीने कापून दिलेल्या चार गोळ्यांवर बऱ्याचदा बॅच नंबर राहत नाही. बिल नसेल तर त्या गोळ्या कुठून आल्या याचा कसलाच पुरावा उरत नाही. अशा कापलेल्या तुकड्यांचा माग काढणं जवळपास अशक्य होतं.

साखळी कुठे तुटते?

नियम कडक आहेत, तरीही माल बाहेर जातो. त्याची कारणं गावपातळीवर सगळ्यांना माहीत असतात.

पहिलं कारण, फार्मासिस्ट दुकानात नसणं. नियमाप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. काही ठिकाणी प्रमाणपत्र भिंतीवर एकाचं आणि गल्ल्यावर बसतो दुसराच. त्या दुसऱ्याला औषधाचं नाव वाचता येतं, पण ते कुणाला देऊ नये हे कळत नाही.

दुसरं, ओळख. गावात दुकानदार कुणाचा भाऊ, कुणाचा मित्र, कुणाचा शाळेतला सोबती असतो. 'अरे, आईसाठी पाहिजे रे, चिठ्ठी घरी राहिली,' असं म्हटलं की नाही म्हणणं अवघड जातं. उधारीही चालते. व्यसनात अडकलेली पोरंही हीच ओळख वापरतात.

तिसरं, मोबाइलवरची चिठ्ठी. चिठ्ठीचा फोटो काढून तारीख बदलणं, कुणाच्या तरी नावाची चिठ्ठी पुढे पाठवणं सोपं झालं आहे. फोन किंवा व्हिडिओवरून उपचारांसाठी मार्च २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांनुसार शेड्यूल एक्सची आणि अंमली पदार्थविरोधी कायद्यातली औषधं काही मोजके अपवाद वगळता फोनवरच्या तपासणीतून लिहून देता येत नाहीत. म्हणजे व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवर अशी गोळी देणं दुकानदारासाठी धोक्याचं आहे.

चौथं, कुरिअर. जिमसाठीची इंजेक्शनं समाजमाध्यमावर ऑर्डर घेऊन पार्सलने पाठवल्याचे प्रकार पोलिसांच्या कारवायांत दिसले आहेत. ऑनलाइन मागवलं म्हणून चिठ्ठीचा नियम सुटत नाही.

सीसीटीव्ही आणि जिल्हा समिती

लहान मुलांपर्यंत नशेची औषधं पोहोचू नयेत म्हणून राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोग आणि अंमली पदार्थ नियंत्रण विभाग, म्हणजे एनसीबी, यांनी संयुक्त कृती आराखडा आणला. त्यानंतर राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांनी एच, एच-१ आणि एक्स यादीतली औषधं विकणाऱ्या दुकानांत सीसीटीव्ही कॅमेरे लावण्याचे आदेश काढले. चिठ्ठी एकाच्या नावाची आणि औषध नेणारा दुसराच, किंवा तोच मुलगा रोज येतो, अशा गोष्टी रजिस्टरमध्ये कळत नाहीत. त्या कॅमेऱ्यात दिसतात.

जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अंमली पदार्थविरोधी समन्वय समिती असते. तिला 'एनकॉर्ड' समिती म्हणतात. पोलीस, एफडीए, आरोग्य, शिक्षण असे विभाग तिथे एकत्र बसतात. तालुक्यातल्या एखाद्या भागातून अशा तक्रारी वारंवार येत असतील, तर ग्रामपंचायतीला किंवा शाळेला आपला ठराव वा अर्ज या समितीकडे पाठवता येतो. एका माणसाच्या तोंडी तक्रारीपेक्षा असा कागद जास्त बोलतो.

पकडलं गेलं तर काय होतं?

नोंदवही नसणं, बिल न देणं, फार्मासिस्ट नसणं यांबद्दल एफडीए नोटीस देऊन दुकानाचा परवाना निलंबित करू शकतं किंवा रद्दही करू शकतं. पण प्रकरण अंमली पदार्थविरोधी कायद्यात गेलं की गोष्ट फार गंभीर होते. अल्प्राझोलामसारख्या मनावर परिणाम करणाऱ्या औषधाची बेकायदा विक्री किंवा साठा सापडला तर शिक्षा मालाच्या प्रमाणावर ठरते :

- अल्प प्रमाण : एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही
- मधलं प्रमाण : १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड
- व्यावसायिक प्रमाण : किमान १० ते २० वर्षे सक्तमजुरी आणि एक ते दोन लाख रुपये दंड

अल्प्राझोलामसाठी ५ ग्रॅमपर्यंत अल्प आणि १०० ग्रॅमच्या पुढे व्यावसायिक प्रमाण धरलं जातं. इथे अनेकांची गफलत होते. गोळीत औषध अर्धा मिलिग्रॅम असतं, मग १०० ग्रॅम व्हायला लाखो गोळ्या लागतील, असं वाटतं. पण सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं, की मिश्रणात शुद्ध औषध किती हे न पाहता पूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं. गोळीचं एकूण वजन १०० मिलिग्रॅम धरलं तर हजार गोळ्यांतच १०० ग्रॅम भरतात. 'मित्राचं पार्सल नुसतं पोहोचवायचंय' म्हणून पिशवी घेऊन मोटारसायकलवर निघालेल्या पोराला हे माहीत नसतं. त्याचं वय वीस आणि शिक्षा दहा वर्षांची, असं गणित होऊ शकतं.

मग खऱ्या रुग्णाचं काय?

या सगळ्या नियमांची दुसरी बाजूही आहे. फिटच्या आजारात, तीव्र चिंतेत, मानसिक आजारात, कॅन्सरच्या वेदनांत हीच औषधं लागतात. कारवायांच्या भीतीने काही दुकानदार ही औषधं ठेवणंच बंद करतात. मग वाडीवरच्या म्हातारीला एका पाकिटासाठी जिल्ह्याच्या गावाला जावं लागतं. एका दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं आणि गोळ्यांत खंड पडतो तो वेगळाच.

हा खंड धोक्याचा आहे. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या बरेच दिवस रोज घेतल्या असतील तर त्या एकदम बंद केल्यावर हातपाय थरथरणं, झोप पूर्ण उडणं, घबराट, अगदी झटके येणं असं होऊ शकतं. फिटच्या रुग्णाने औषध चुकवलं तर फिट परत येऊ शकते. म्हणून 'आता मिळत नाही, सोडून देऊ' हा निर्णय घरच्या घरी घ्यायचा नसतो. गोळी कमी करायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने.

सरकारलाही ही अडचण मान्य आहे. कॅन्सरच्या वेदनांवर लागणाऱ्या मॉर्फिनसारख्या औषधांसाठी पूर्वी अनेक परवाने लागत. त्यामुळे रुग्ण तळमळत राहत. म्हणून २०१४ मध्ये अंमली पदार्थविरोधी कायद्यात दुरुस्ती झाली आणि 'अत्यावश्यक अंमली औषधे' असा वेगळा गट करून मान्यताप्राप्त संस्थांना ती मिळवणं सोपं केलं गेलं.

नियम पाळणाऱ्या दुकानदाराने ही औषधं ठेवण्यात काहीच बेकायदा नाही. ज्याची नोंदवही बरोबर आहे त्याला तपासणीची भीती बाळगायचं कारण नाही. उलट नोंदवहीच त्याच्या बाजूने साक्ष देते.

रुग्ण आणि घरच्यांनी काय करावं?

- डॉक्टरांकडून चिठ्ठी घेताना औषध किती दिवसांचं आणि एकूण किती, ते लिहून घ्यावं. लांबून येणाऱ्या रुग्णाने तसं डॉक्टरांना सांगावं. पुन्हा औषध घ्यायची मुभा डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिली तर दर खेपेला हेलपाटा पडत नाही.
- मूळ चिठ्ठी एका पिशवीत जपून ठेवावी. दुकानात मूळ चिठ्ठीच दाखवावी आणि तिच्यावर शिक्का मारून घ्यावा.
- बिल मागावं. बिलावरचा बॅच नंबर पाकिटावरच्या नंबराशी जुळवून पाहावा.
- आपल्या नावाची चिठ्ठी दुसऱ्याला देऊ नये, फोटोही पाठवू नये. रजिस्टरमध्ये नाव आपलं लागतं आणि चौकशीत पहिला प्रश्न आपल्याला विचारला जातो.
- 'मला लागू पडली, तुम्हीही घ्या,' म्हणून झोपेची गोळी शेजाऱ्याला देऊ नये. म्हाताऱ्या माणसांचा गुंगीत तोल जातो आणि रात्री उठताना पडून हाड मोडतं. गोळी घेऊन ट्रॅक्टर, मळणी यंत्र किंवा कडबाकुट्टी चालवणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. दारूसोबत अशी गोळी घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.
- गोळ्यांचा डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. उरलेल्या गोळ्या मोजून ठेवाव्यात.

घरातला मुलगा अडकला असेल तर?

दिवसभर गुंगी, बोलताना जीभ जड होणं, चालताना झोल जाणं, डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक दिसणं, खिशात किंवा गादीखाली रिकामी पाकिटं, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, दंडावर सुईच्या खुणा, घरातले पैसे कमी होणं, जुने मित्र तुटणं. ही सगळी लक्षणं प्रत्येकात दिसतीलच असं नाही आणि एखादं दिसलं म्हणजे व्यसनच आहे असंही नाही. पण दोन-चार एकत्र दिसू लागली तर दुर्लक्ष करू नये.

मारहाण करून किंवा खोलीत कोंडून हे सुटत नाही. एकदम बंद केल्याने झटके येण्याचा धोका वर सांगितलाच आहे. ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्यावं. पोलीस पकडतील या भीतीने अनेक घरं गप्प बसतात. कायद्यात यासाठी सोय आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, स्वतः सेवन करणारा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ जवळ असलेला व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालवण्यातून संरक्षण मिळू शकतं. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. माल विकणाऱ्याला ही सवलत नाही.

माणूस गुंगीत पडला आहे, हाक मारली तरी उठत नाही, श्वास हळू चालला आहे किंवा ओठ निळे पडले आहेत, तर वेळ न घालवता १०८ ला फोन करावा. त्याला एका कुशीवर ठेवावं, तोंडात पाणी किंवा दूध घालू नये आणि सापडलेली पाकिटं डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत घ्यावीत.

तक्रार कुठे करायची?

चिठ्ठीशिवाय अशी औषधं सर्रास विकली जात असतील तर एफडीएच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर सांगता येतं. अंमली पदार्थांच्या विक्रीची माहिती द्यायला १९३३ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. तातडीच्या प्रसंगी पोलिसांसाठी ११२.

तक्रार करताना दुकानाचं नाव, गाव, औषधाचं नाव, साधारण वेळ आणि असेल तर पाकिटाचा बॅच नंबर सांगावा. 'आमच्याकडे सगळीकडे विकतात' एवढ्यावर निरीक्षकाला काही करता येत नाही. बॅच नंबर मिळाला तर तो खरेदीची बिलं काढून बसतो.

जिल्ह्यात निरीक्षक मोजके आणि दुकानं शेकड्यांनी असतात. रोज प्रत्येक दुकानात कुणी येऊन बसू शकत नाही. पण प्रत्येक दुकानात रोज ग्राहक येतो. ग्राहकाने मूळ चिठ्ठी दाखवली, शिक्का मारून घेतला आणि बिल मागितलं, की त्या गोळीचा हिशोब लागतो. ज्या गोळीचा असा हिशोब लागत नाही, तीच कुणाच्या तरी पोराच्या खिशात सापडते.